यंत्रांना गिऱ्हाईक मिळाले, माणसांना नाही

२०२० सालच्या २४ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी, तळेगाव येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यातील उत्पादन थांबले. सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झालेला हा कारखाना अवघी बारा वर्षे चालला. भारतीय बाजारपेठेत आपल्या मोटारी विकण्याचा उद्योग कंपनीने २०१७ च्या अखेरीसच आवरता घेतला होता आणि त्यानंतर तळेगावात तयार होणाऱ्या मोटारी केवळ परदेशी पाठविल्या जात होत्या. पुढे काय वाढून ठेवले आहे याची कामगारांना मुळीच कल्पना नव्हती, असे त्यामुळे म्हणता येणार नाही. जानेवारी २०२० मध्ये ग्रेट वॉल मोटर्स या चिनी कंपनीला कारखाना विकण्याचा करार जाहीर झाला, तेव्हा मालक बदलेल पण काम राहील अशी आशा वाटण्यास जागा होती. परंतु एप्रिलमध्ये केंद्र सरकारने सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या भांडवलास पूर्वपरवानगीची अट घातली, जूनमध्ये गलवान खोऱ्यात रक्त सांडले, आणि तो करार दोन वर्षे लोंबकळत राहून २०२२ च्या मध्यास संपुष्टात आला. लडाखमध्ये जे घडले त्याचा हिशेब मावळातील भाड्याच्या खोल्यांतून चुकता करावा लागला. मोठ्या राजकारणाची झळ सामान्य माणसाला कोणत्या वाटेने येऊन पोहोचेल, हे सांगता येत नाही ते असे.

दरम्यानच्या काळात कायदा आपल्या गतीने चालू होता. शंभर किंवा अधिक कामगार असलेला कारखाना बंद करावयाचा तर १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार सरकारची पूर्वपरवानगी लागत असे. कंपनीने ती मागितली आणि जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने नाकारली. कारखाना कायद्याच्या दृष्टीने चालू आणि प्रत्यक्षात बंद, अशी चमत्कारिक अवस्था त्यातून निर्माण झाली. एप्रिल २०२१ मध्ये कंपनीने १,४१९ कामगारांना ले-ऑफची नोटीस दिली. ले-ऑफ म्हणजे नोकरी गेली असे नव्हे. नोकरी आहे, काम नाही. अशा काळात कामगाराला मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम भरपाई म्हणून मिळते. घरभाडे, प्रवास व इतर भत्ते या हिशेबात येत नाहीत. एकूण पगारात मूळ वेतनाचा वाटा जितका लहान ठेवलेला असेल तितके हे ‘निम्मे’ निम्म्याहून कमी भरते. बँकेचा हप्ता मात्र पूर्णच कापला जातो. निम्म्या हप्त्याची सोय कोणत्याही कायद्यात नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने हा कारखाना घेण्याचा करार केला. जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्री असे त्या कराराचे स्वरूप होते. नव्या मालकाने आपल्याला सामावून घ्यावे, ही जुन्या कामगारांची मागणी होती आणि त्यासाठी त्यांनी उपोषणाचाही मार्ग धरला. येथे एक कायदेशीर बारकावा नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण या पट्ट्यात पुढील काळात तो वारंवार उपस्थित होणार आहे. चालता उद्योग एका हातातून दुसऱ्या हातात जाणे वेगळे आणि उद्योगाची मालमत्ता तेवढी विकली जाणे वेगळे. पहिल्या प्रकारात निदान कामगारांच्या सेवेचे सातत्य हा प्रश्न चर्चेला येतो. दुसऱ्यात तो येतच नाही, कारण खरेदीखतात माणसांचा रकाना नसतो. पहिल्या प्रकारातही कामगारांचा हक्क फार मोठा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच अनकापल्ली येथील साखर कारखान्याच्या प्रकरणात स्पष्ट केले होते की, उद्योग हस्तांतरित झाल्यास जुन्या मालकाकडून भरपाई मागण्याचा अधिकार कामगाराला आहे. नव्या मालकाकडे नोकरी मागण्याचा नाही.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात श्रम आणि भांडवल हे उत्पादनाचे दोन घटक शेजारी शेजारी छापलेले असतात. विद्यार्थ्यांचा त्यामुळे असा समज होतो की, दोन्ही घटक सारख्याच सहजतेने एका जागेवरून दुसऱ्या जागी जातात. वस्तुस्थिती तशी नाही. जोडणी-पट्ट्यावरील यंत्रमानव नव्या मोटारीसाठी पुन्हा जुळवून घेता येतो आणि त्याला वय विचारले जात नाही. आय.टी.आय. करून विशीत या कारखान्यात आलेला तरुण २०२० साली पस्तिशीच्या आसपास पोहोचलेला होता. त्याचे कौशल्य खरे, पण ते बव्हंशी त्याच कारखान्याच्या कार्यपद्धतीत मुरलेले. त्याचा पगार बारा वर्षांच्या वेतनवाढींनी चढलेला. शेजारच्या कारखान्याच्या फाटकावर मात्र त्याची स्पर्धा वीस-बावीस वर्षांच्या शिकाऊ उमेदवाराशी असते. अनुभव ही जमेची बाजू मानली जाते ती नोकरी असताना. नोकरी गेल्यावर तोच अनुभव मालकाला महाग वाटू लागतो.

मूळ कायदा कसा घडला आणि कसा बदलला हेही पाहण्याजोगे आहे. कामगार कपात, ले-ऑफ व कारखानाबंदी यांसाठी सरकारी परवानगीची अट १९७६ साली, आणीबाणीच्या काळात कायद्यात आली. ती तीनशे कामगारांच्या कारखान्यांना लागू होती. १९८२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा शंभरावर आणली. त्यानंतर जवळजवळ चार दशके उद्योजक आणि कित्येक अर्थतज्ज्ञ या अटीविरुद्ध तक्रार करीत राहिले: माणूस काढता येत नाही म्हणून मालक माणूस घेतच नाही. अखेर २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा पुन्हा तीनशेवर नेली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता अमलात आली.

उद्योजकांची तक्रार सर्वस्वी खोटी होती असे नाही. परंतु पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण येथे तीस वर्षांत जे घडले त्याचा मेळ या युक्तिवादाशी पुरता बसत नाही. मालकांनी माणसे घेणे थांबविले नाही. ‘कायम’ माणसे घेणे थांबविले. कंत्राटी, हंगामी, शिकाऊ अशा नाना नावांनी तीच माणसे त्याच यंत्रांवर उभी राहिली. वर्षात २४० दिवस भरले की सलग सेवा धरली जाते आणि भरपाईचा हक्क उत्पन्न होतो, म्हणून सात-साडेसात महिन्यांनी ‘ब्रेक’ देण्याची पद्धत या पट्ट्यात इतकी रूढ झाली की ‘ब्रेक लागला’ हा शब्दप्रयोग येथे मोटारीपेक्षा माणसाच्या संदर्भात अधिक ऐकू येतो. शंभराची मर्यादा कठोर होती की सौम्य, हा वाद अशा माणसाच्या दृष्टीने निरर्थक आहे, कारण तो कोणत्याच मोजणीत नव्हता. तळेगावच्या १,४१९ या आकड्यात कँटीन, बागकाम, सफाई व मालवाहतूक सांभाळणारे आणि सुटे भाग पुरविणाऱ्या लहान शेडमधील कामगार नाहीत. त्यांना ले-ऑफची नोटीस आली नाही. ठेकेदाराचा फोन येणे बंद झाले एवढेच. कंत्राटी कामगारांना मुख्य मालकाकडे आपोआप कायम होण्याचा हक्क नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिल्यानंतर त्यांची न्यायालयाकडे जाणारी वाटही अरुंद झाली.

कारखाना बंद न करताही माणसे कमी करता येतात, याचा धडा याच परिसराने आकुर्डीत घेतला आहे. सप्टेंबर २००७ मध्ये बजाज ऑटोने आकुर्डीच्या जुन्या कारखान्यातील उत्पादन थांबविले. एका पिढीने ज्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावला ती स्कूटर येथे तयार होत असे. अडीच हजारांहून अधिक कामगारांचा प्रश्न होता. कारखाना बंद केला असे कंपनीने म्हटले नाही. पगार चालू राहिले, काम थांबले, आणि स्वेच्छानिवृत्तीची योजना पुढे आली. ‘स्वेच्छा’ हा शब्द अशा ठिकाणी तपासून घ्यावा लागतो. ज्याच्यापुढे दुसरी वाटच नाही त्याने निवडलेली वाट स्वेच्छेची कशी म्हणावी? तरीही व्यवहार म्हणून पाहिले तर एकगठ्ठा मिळालेली ती रक्कम कायद्याने देय असलेल्या किमान भरपाईपेक्षा सहसा पुष्कळच मोठी असते. आकुर्डीतील संघटनेच्या पाठीशी काही दशकांचा इतिहास होता, ही गोष्टही लक्षात ठेवली पाहिजे.

खासगी मालक निर्दय असतो आणि सरकार मायबाप असते, अशी कोणाची समजूत असल्यास त्याने पिंपरीतील हिंदुस्थान अँटिबायोटिक्सकडे पाहावे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली उभी राहिलेली ही सार्वजनिक क्षेत्रातील पहिली औषध कंपनी. पेनिसिलिन या देशात मुबलक झाले ते पिंपरीमुळे. पिंपरीचे नाव देशाला प्रथम ठाऊक झाले ते मोटारींमुळे नव्हे, तर या औषधामुळे. तीच कंपनी पुढे आजारी ठरली आणि तेथील कर्मचाऱ्यांचे पगार थकत गेले. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अतिरिक्त जमीन विकून देणी भागविण्याचे ठरविले. जमीन वेळेवर विकली गेली नाही, तेव्हा जुलै २०१९ मध्ये थकलेले पगार आणि स्वेच्छानिवृत्ती यांसाठी या कंपनीला २८० कोटींहून अधिक रुपयांचे कर्ज मंजूर करावे लागले. सरकारी नोकरी म्हणून ज्यांनी मुली दिल्या त्या सासऱ्यांची या काळात काय मनःस्थिती झाली असेल, याची कल्पना केलेली बरी.

आता जो एकटा माणूस घरी बसला आहे त्याचा हिशेब. उदाहरणादाखल असे धरू की, बारा वर्षे सेवा झालेल्या कामगाराचा एकूण पगार चाळीस हजार रुपये आहे आणि त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून वीस हजार. कामगार कपातीची कायदेशीर भरपाई प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार, म्हणजे बारा वर्षांचे सुमारे दोन लाख चाळीस हजार. ग्रॅच्युइटी महिन्याचे सव्वीस दिवस धरून मोजतात. ती सुमारे एक लाख अडतीस हजार. नव्या संहितेने पुनर्कौशल्य निधी म्हणून मालकाने आणखी पंधरा दिवसांचे वेतन द्यावे असे ठरविले आहे आणि ते पंचेचाळीस दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यात जमा व्हावयाचे आहे. ते बहुतांशी वीस हजारांच्या आत-बाहेर. चिखली किंवा देहूरोडच्या बाजूला घेतलेल्या दोन खोल्यांचा हप्ता अठरा हजार असेल, तर बारा वर्षांच्या सेवेची कपात-भरपाई अशा तेरा हप्त्यांत संपते. मुलांची फी, औषधपाणी आणि किराणा यांसाठी मग ग्रॅच्युइटी व भविष्यनिर्वाह निधी एवढाच आधार उरतो. राज्य विमा महामंडळाची बेकारी साहाय्य योजना आहे, पण ती नव्वद दिवसांपुरती, आणि महिना एकवीस हजारांवर पगार गेलेला कायम कामगार त्या विम्याच्या बाहेर पडलेला असतो. ज्याचा पगार वाढला त्याचे कवच गेले.

‘गावी शेती आहे, तिकडे जातील’ हे वाक्य अशा वेळी अधिकारी मंडळींच्या तोंडून हमखास ऐकू येते. मराठवाडा, खानदेश किंवा विदर्भातून आलेल्या कामगाराच्या घरी दोन-तीन एकर असतात हे खरे, पण त्या जमिनीवर भाऊ आधीच राबत असतो. तेथे आणखी एक माणूस गेल्याने उत्पन्न वाढत नाही, ताटे तेवढी वाढतात. अर्थशास्त्रात याला प्रच्छन्न बेकारी म्हणतात; गावात याला काय म्हणतात ते वहिनीच्या चेहऱ्यावर वाचता येते. त्यामुळे अनेक जण गावी कळवीतच नाहीत, आणि काही जण घरातही काही दिवस सांगत नाहीत. पहिल्या पाळीची वेळ झाली की डबा घेऊन बाहेर पडावयाचे आणि संध्याकाळी परतावयाचे. हा भ्याडपणा नव्हे; कमावता म्हणून घरात जे स्थान होते ते आणखी आठवडाभर टिकवून धरण्याची ती केविलवाणी धडपड असते. परंतु बँकेशी हप्त्याची मुदत वाढवून घेण्याची बोलणी करावयाची असोत की मुलाच्या शाळेत फीसाठी सवलत मागावयाची असो, पहिल्या महिन्यात जे साधते ते सहाव्या महिन्यात साधत नाही. घरातील माणसांना विश्वासात घेणे हा या दृष्टीने केवळ भावनेचा नव्हे, तर हिशेबाचा भाग आहे.

कागदांचेही तसेच. नेमणुकीचे पत्र, पगाराच्या पावत्या, भविष्यनिर्वाह निधीचा खाते क्रमांक, कंत्राटी असल्यास हजेरीचे पास, हे सारे ज्याच्या ट्रंकेत आहे त्याचा दावा उभा राहतो. ज्याचे सारे ‘ऑफिसात आहे’ त्याला सेवा सिद्ध करण्यातच वर्षे जातात. राजीनामा आणि कपात यांतील फरक तर अनेक सुशिक्षितांनाही ठाऊक नसतो. कपात झाली तर नोटीस व भरपाई देणे मालकाला भाग आहे; राजीनामा दिला की ती जबाबदारी उरत नाही. म्हणूनच ‘राजीनामा दे, अनुभवाचा दाखला चांगला देतो’ असे गोड बोलून कागद पुढे सरकविला जातो. कोऱ्या किंवा न वाचलेल्या ‘पूर्ण व अंतिम’ पावतीवर सही करणाऱ्याचे नुकसान नंतर कोणीही भरून देऊ शकत नाही. नव्या संहितेत न्यायाधिकरणाकडे थेट दाद मागण्याची मुदतही पूर्वीच्या तीन वर्षांऐवजी दोन वर्षांची झाली आहे.

कारकून, संगणकावर काम करणारे आणि पर्यवेक्षक यांना हा सारा मजकूर परक्याचा वाटण्याचा संभव आहे. तसे समजण्यात धोका आहे. पिंपरी-चिंचवडच्या वेशीवर हिंजवडी आहे. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा पुण्यातील शेकडो घरांत पहिल्यांदाच ‘आपण कामगार आहोत काय?’ हा प्रश्न विचारला गेला असेल. कायद्याचे उत्तर पदनामावर अवलंबून नाही, प्रत्यक्ष कामावर आहे. व्यवस्थापकीय काम करणारा, अथवा महिना अठरा हजारांवर पगार घेऊन मुख्यतः पर्यवेक्षण करणारा, संहितेच्या व्याख्येतून वगळला आहे. परंतु दाराच्या पाटीवर ‘मॅनेजर’ लिहिलेले असूनही ज्याच्या हाताखाली कोणी नाही आणि जो दिवसभर तांत्रिक किंवा कारकुनी कामच करतो, तो या संरक्षणावर दावा सांगू शकतो. मानाची पदवी स्वीकारताना हक्काचा किती भाग आपण परत करीत आहोत, हे पाहणारे थोडे.

संघटनेविषयी या पट्ट्याच्या आठवणी संमिश्र आहेत. १९८९ च्या सप्टेंबर अखेरीस टेल्कोचे हजारो कामगार शनिवारवाड्यापाशी उपोषणाला बसले होते आणि पहाटे पोलिसांनी त्यांना उचलून नेले, हे त्या पिढीतील लोक अजून विसरलेले नाहीत. २०१३ मध्ये बजाजच्या चाकण कारखान्यातील कामगारांनी सुमारे पन्नास दिवस काम बंद ठेवले. प्रत्येकाला एक रुपया दराने कंपनीचे पाचशे समभाग द्यावेत ही त्यांची मागणी होती, आणि ती पदरात न पडताच ते कामावर परतले. या मागणीची त्या वेळी थट्टा झाली. परंतु तळेगाव डोळ्यांपुढे ठेवून तिच्याकडे पुन्हा पाहिले तर ती तेवढी हास्यास्पद वाटत नाही. कारखाना विकला जातो तेव्हा मोल मिळते ते मालमत्तेला. त्या मालमत्तेत आपला थोडा तरी वाटा असावा असे कामगाराला वाटले, तर त्यात त्याला व्यवहार कळत नाही असे कोण म्हणेल?

सरकारने परवानगी नाकारली खरी, पण नुसत्या नकाराने यंत्र फिरत नाही. नकार देऊन सरकार स्वस्थ बसले की कामगार अधांतरी राहतो. सरकारच्या हाती याहून प्रभावी साधन आहे, ते औद्योगिक विकास महामंडळाच्या रूपाने. महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि तेव्हापासून ते कारखानदारांना भूखंड विकत देत नाही, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देते. भूखंड एका कंपनीकडून दुसरीकडे जावयाचा तर महामंडळाची संमती लागते आणि त्यासाठी शुल्कही आकारले जाते. नव्या मालकाला राज्याच्या प्रोत्साहन योजनेतून सवलती हव्या असतात आणि त्या योजनेत ऐंशी टक्के नोकऱ्या स्थानिकांना देण्याची अट पूर्वीपासून आहे. तेथेच आणखी एक ओळ घालता येईल: या भूखंडावर पूर्वी काम करणाऱ्यांचा विचार भरतीत प्रथम व्हावा. यासाठी संसदेत जाण्याची आवश्यकता नाही. संमतिपत्राचा मसुदा तयार करणाऱ्या कचेरीतच हे होऊ शकते.

कपात केलेल्या कामगाराला पुन्हा भरती होताना अग्रक्रम द्यावा, हे तत्त्व कायद्याला अपरिचित नाही. १९४७ च्या कायद्यात ते होते आणि नव्या संहितेतही आहे. मात्र हा अग्रक्रम त्याच मालकाकडे चालतो. तळेगावच्या त्या कारखान्यात २०२५ साली ह्युंदाईचे उत्पादन सुरू झाले. रस्ता तोच, शेडही पुष्कळशा त्याच. फाटकावरची पाटी तेवढी बदलली आहे, आणि अग्रक्रम त्या पाटीपाशी थांबतो.